लॅटिन शिकून खरंच काही फायदा होतो का? (पोरगी मागे लागलीय)

मंगळवारपेठकर
नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, हसू नका. मुलीची दहावी झाली, निकाल यायचाय, आणि रिकामपणी तिच्या डोक्यात बसलंय की लॅटिन शिकायचं. 'मी लॅटिन शिकतो' म्हणून घर डोक्यावर घेतलंय (हो, शिकतोच म्हणते, कोल्हापूरची पोरगी आहे). शाळेत संस्कृत होतं, त्यात मार्क चांगले पडतात, पुढं सायन्स घेणार आहे पण मधूनच लॉ पण म्हणते.

झालं असं की कुठल्यातरी ऑनलाइन क्लासची जाहिरात तिच्या मोबाईलवर आली. त्यात लिहिलंय की लॅटिननं बुद्ध्यांक वाढतो, लॉजिक सुधारतं, इंग्रजी शब्दसंग्रह दुप्पट होतो, नंतर जगातली कुठलीही भाषा पटकन येते, आणि मेडिकलला न् वकिलीला तर लॅटिन पाहिजेच. फी इथं लिहीत नाही, पण तेवढ्यात आमच्या घराला बाहेरून रंग निघाला असता. मला स्वतःला लॅटिनमधलं एट्सेट्रा सोडून काही माहिती नाही. तर कुणी शिकलंय का, शिकून नेमका काय उपयोग झाला, आणि इथं बसून शिकायचं तर कसं? क्लासवाल्यांनी कृपया लांब राहावं.

तांबडा_पांढरा
काय लगा दादा, सुट्टीत पोरं पोहायला जात्यात, पन्हाळ्यावर फिरत्यात, आणि तुमची पोरगी लॅटिन शिकणार? शिकून बोलणार कुणासंगं, पोपसंगं? रंकाळ्यावर भेळवाल्याला लॅटिनमधी तिखट जास्त टाक म्हणून सांगणार व्हय? नाद खुळा. तरीबी धागा बुकमार्क केलाय, बघू काय काय निघतंय.

म्युनिकची_सूनबाई
@तांबडा_पांढरा पोपच्या राज्यात खरंच चालते हो, व्हॅटिकनच्या बँकेच्या एटीएमवर लॅटिनचा ऑप्शन आहे :)

मी मूळची राजारामपुरीची, आता म्युनिकला. इथं माझा मुलगा शाळेत सहावीपासून लॅटिन शिकतोय. इंग्रजीनंतरची दुसरी परकी भाषा म्हणून लॅटिन किंवा फ्रेंच घ्यायची असते, त्यानं लॅटिन घेतलं कारण बोलायची परीक्षा नसते म्हणे. काही वर्षं शिकून ठराविक मार्क पाडले की सर्टिफिकेटवर 'लॅटिनुम' असा शेरा मिळतो, आणि इतिहास, धर्मशास्त्र असल्या काही विषयांना युनिव्हर्सिटीत तो अजून मागतात. मेडिकलला मागत नाहीत हे मुद्दाम सांगते. डॉक्टरकीच्या पोरांना सुरुवातीलाच वैद्यकीय शब्दांचा एक छोटा कोर्स देतात, तेवढ्यावर भागतं. जाहिरातवाले मेडिकलला पाहिजेच म्हणतायत ना, तर जर्मनीतसुद्धा पाहिजेच असं नाही.

फायदा झाला का म्हणाल तर मला दिसतो तो एकच, वाचायची सवय बदललीय. लॅटिन वाक्य समोर आलं की तो आधी पेन्सिलनं क्रियापदाखाली रेघ मारतो, ते बहुतेक वेळा शेवटी असतं, मग त्याच्या प्रत्ययावरून कर्ता एक का अनेक ते ठरवतो, मग तसा कर्ता वाक्यात शोधत बसतो, तो कुठंही असू शकतो, आणि मग उरलेले शब्द कोण कुणाला चिकटलाय ते बाण काढून जोडतो. अर्थाचा अंदाज बांधून पुढं पळता येत नाही, प्रत्यय न बघता पळालात की मास्तर बरोबर पकडतात. ह्याच पोराला मराठी वाचायला शिकवताना मी रडकुंडीला आले होते.

आणि एक गंमत. 'कानिस पुएरुम मोर्देत' आणि 'पुएरुम कानिस मोर्देत' दोन्हीचा अर्थ कुत्रा पोराला चावतो असाच होतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या पोरांना हे पचायला वेळ लागतो, कारण इंग्रजीत शब्द हलवले की पोरगंच कुत्र्याला चावतं. आपल्याला काय, पोराला कुत्रा चावला, कुत्रा पोराला चावला, आपण दिवसभर असंच बोलतो. तुमच्या मुलीला हा टप्पा फुकटात मिळणार.

निरीक्षक
बीएडला शिकवतो, त्यामुळे ह्या विषयावर थोडं लांबण लावणार आहे, माफी असावी.

जाहिरातीतला बुद्ध्यांकवाला मुद्दा आधी बाजूला काढा. अमुक एका विषयानं मेंदूला व्यायाम होतो आणि मग तो मेंदू सगळीकडेच जोरात चालतो, ही समजूत फार जुनी आहे आणि तिची तपासणी होऊनही आता शंभर वर्षं झाली. एडवर्ड थॉर्नडाइक नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी हायस्कूलच्या आठ हजारांवर मुलांची वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी विचारशक्तीची चाचणी घेतली आणि कुणी कुठले विषय घेतले होते त्याच्याशी ताडून बघितली. १९२४ साली छापून आलं. निघालं काय, तर लॅटिन घेतलं का हिशेबठिशेब, का शिवणकाम स्वयंपाक, त्यानं पडणारा फरक अगदी किरकोळ होता. जी मुलं मुळातच तरतरीत होती तीच वर्षभरात जास्त पुढं सरकली होती. मग लॅटिनची मुलं हुशार का दिसायची? कारण हुशार मुलांनाच लॅटिनला बसवायचे. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशपरीक्षेत लॅटिनवाल्यांना जास्त मार्क पडतात असा तक्ता क्लासवाले दाखवतात ना, त्यातली गोमही हीच. आपल्याकडं अबॅकसच्या जाहिराती बघा, तोच माल आहे.

दुसरा दावा, पुढच्या भाषा सोप्या जातात. ह्याच्यावर लुडविग हाग आणि एल्स्बेथ स्टर्न ह्यांचा २००३ चा जर्मनीतला अभ्यास आहे. शाळेत लॅटिन केलेले काही विद्यार्थी आणि शाळेत फ्रेंच केलेले काही विद्यार्थी, दोघांनाही स्पॅनिश शिकवलं आणि मग चाचणी घेतली. स्पॅनिश ही लॅटिनचीच लेक, त्यामुळं लॅटिनवाले पुढं असतील असं कुणालाही वाटेल. पण व्याकरणाच्या चुका फ्रेंचवाल्यांच्या कमी निघाल्या. विचार केला तर सरळ आहे, लॅटिनमधले विभक्तीचे प्रत्यय स्पॅनिशमध्ये राहिलेलेच नाहीत, तिथं सगळा कारभार शब्दयोगी अव्ययांवर चालतो, आणि तो फ्रेंचच्या जास्त जवळचा आहे. स्पॅनिश पाहिजे असेल तर स्पॅनिश शिका, आणि वळसाच घ्यायचा तर जवळचा घ्या.

इंग्रजी शब्दसंग्रहाचं मात्र अगदीच खोटं नाही. इंग्रजीतले निम्म्याहून जास्त शब्द थेट लॅटिनमधून किंवा फ्रेंचमार्गे आलेत. पण त्यासाठी पाच विभक्तिगण (नामं चालवायच्या पाच तऱ्हा) पाठ करायची गरज काय? धातू आणि उपसर्गांची एक यादी घेऊन बसलं तर महिन्याभरात तेवढं काम होतंय.

तांबडा_पांढरा
निरीक्षक सर म्हणजे कसं, लग्नाच्या पंगतीत बसून ज्याला त्याला शुगर किती विचारणार.

म्युनिकची_सूनबाई
हाहा. पण सर, तुमच्या दोन्ही अभ्यासांत लॅटिन शिकून लॅटिन येतं का हे कुणी तपासलंच नाही ना? ते तर येतंच की. मुलगा दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेलं पान मधे कुणी भाषांतरकार न घेता वाचतो, ह्याचा बुद्ध्यांकाशी काही संबंध नसेना का. गणित शिकवताना आपण गणितानं इतिहास सुधारतो का बघत नाही.

निरीक्षक
@म्युनिकची_सूनबाई हा मुद्दा मान्य, आणि खरं तर माझंही तेच म्हणणं आहे. लॅटिनसाठी लॅटिन शिकायला माझा काहीच आक्षेप नाही. आक्षेप आहे तो मंगळवारपेठकरांच्या खिशातून बुद्ध्यांकाच्या नावानं पैसे काढायला.

गोळीवाला_शाहूपुरी
मेडिकल स्टोअर आहे. रोज लॅटिन वाचतोय, गिऱ्हाइकाला पत्ता नसतो. चिठ्ठीवर डॉक्टर बीडी लिहितात ते 'बिस इन दिए', दिवसातनं दोनदा. टीडीएस म्हणजे तीनदा घ्यायची. एचएस, झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. सगळ्यात मजा एसओएसची. लोकांना वाटतं जहाज बुडताना पाठवतात तो संदेश, म्हणून घाबरून विचारतात, एवढं सिरियस आहे का हो? ते नुसतं 'सी ओपुस सित', म्हणजे गरज पडली तर घ्या. डोकं दुखलं तर खा, नाहीतर राहू दे. उलट खरं सिरियस असतंय ते 'स्टॅट', म्हणजे ताबडतोब, त्याच्याकडं कुणी बघत पण नाही.

एक ठिकाणी मात्र जपावं लागतं. गोळीपुढं ओडी असलं तर दिवसातनं एकदा, आणि डोळ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा डोळा. डावा ओएस. नवीन पोरगं कामाला ठेवलं की ही पहिली गोष्ट सांगतो.

पण खरं सांगायचं तर ह्या सगळ्याला लॅटिन शिकायची गरज नाही, ही वीसपंचवीस अक्षरं आहेत, एका दुपारी पाठ होतात. डीफार्मला आम्ही तशीच केली.

वकीलताई
गोळीवाल्या दादांसारखंच आमचं. लॉला पहिल्या वर्षापासून लॅटिन शब्द कानावर पडतात, मेन्स रिया, रेस ज्युडिकाटा, लोकस स्टँडाय, सुओ मोटो वगैरे, आणि पोरं ते अर्थासकट घोकतात. लॅटिन येणारा एकही वकील मी कसबा बावड्याच्या कोर्टात बघितलेला नाही आणि त्यामुळं कुणाची केस अडलेली पण बघितली नाही.

पण आता एक फरक पडलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून सहा जिल्ह्यांच्या रिट (हायकोर्टाकडं हुकूम मागायचे अर्ज) इथंच लागतात, नाहीतर आधी प्रत्येक तारखेला मुंबई. त्यामुळं ही नावं आता इथल्या ज्युनिअरच्या तोंडी रोज. घटनेच्या कलम २२६ मध्ये लिहिलेलीच आहेत, हेबिअस कॉर्पस, मँडेमस, प्रोहिबिशन, को वॉरंटो, सर्शिओरारी. पाचातली चार लॅटिन. मला नेहमी वाटायचं ही नामं आहेत, अर्जाचे प्रकार. तर तसं नाही म्हणे, मँडेमस हे आख्खं क्रियापद आहे, 'आम्ही आज्ञा करतो'. जुन्या इंग्लंडात राजाच्या नावानं हुकूम निघायचा त्यातला हा शब्द हुकमाचं नाव होऊन बसला. हेबिअस कॉर्पस पण तसंच, 'शरीर तुझ्याकडं असू दे', म्हणजे माणूस आमच्यापुढं हजर कर. हे कळल्यावर हेबिअस कॉर्पस कुणाविरुद्ध मागायचा ते विसरत नाही माणूस, ज्याच्या ताब्यात शरीर आहे त्याच्याविरुद्ध. एवढा उपयोग मी मान्य करते.

शब्दरूपावली
वकीलताई, तुमच्या मँडेमसवर मला राहवलं नाही म्हणून लिहिते. मी संस्कृत शिकवून रिटायर झाले. 'मान्दामुस' मधलं ते शेवटचं 'मुस' बघा आणि आपलं 'वदामः' बघा. 'आम्ही' साठीचा प्रत्यय तिकडं मुस, इकडं मः म्हणजे मूळचा मस्. ही योगायोगानं झालेली गाठ नाही, एकाच घरातला प्रत्यय आहे. सर विल्यम जोन्स कलकत्त्यात न्यायाधीश होते, त्यांनी १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात हे मांडलं, आणि मग युरोपात त्याचं शास्त्र उभं राहिलं.

मंगळवारपेठकर, तुमच्या मुलीला संस्कृत येतं म्हणता तर तिला अस् धातू म्हणून दाखवायला सांगा. अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. आता लॅटिन ऐका: सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुन्त. द्विवचन गळालंय, बाकी ओळखीचं आहे का नाही? आणि विभक्ती तर आठाच्या सहाच उरल्यात. आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी तिन्हींची बरीचशी कामं तिकडं एकटी 'अब्लातिव' करते. त्यामुळं जी गोष्ट इंग्लंडमधल्या मुलाला वर्षभर छळते, की नामाला रूपं असतात आणि ती चालवायची असतात, ती ह्या मुलीनं 'रामः रामौ रामाः' करताना केव्हाच गिळलीय. निरीक्षक सर म्हणाले त्यात मी एवढीच भर घालीन की लॅटिनची जी काय शिस्त लागते म्हणतात ती संस्कृतवाल्यांना आधीच लागून झालेली असते, त्यासाठी परत पैसे कशाला?

अजून एक सांगते. लॅटिनमध्ये 'आणि' साठी एक प्रत्यय आहे, 'क्वे', तो दुसऱ्या शब्दाला मागून चिकटतो. आपला 'च' पण मागूनच येतो, रामः लक्ष्मणः च. तोच तो. आणि डॉक्टर लोक जीनस (जीवांचा गट, लॅटिनमध्ये गेनुस) म्हणतात, अनेकवचन जेनेरा का होतं विचारलं तर इररेग्युलर म्हणून सोडून देतात. इररेग्युलर काही नाही, तो शब्द म्हणजे आपलं जनस्, आणि हे सकारान्त नपुंसकलिंगी नाम आहे, आपल्या मनस् सारखं. लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मधे सापडलेल्या स चा र होतो, म्हणून जनस् ची षष्ठी आपल्याकडं 'जनसः' आणि तिकडं 'गेनेरिस'.

पण मुलीला एक सावधगिरीही सांगा, दिसायला सारखं ते सगळं नात्यातलं नसतं. लॅटिन देउस आणि आपला देव हे सख्खे, पण ग्रीक थेओस दिसतो तसाच आणि त्याचा काही संबंध नाही. वॉट्सॲपवर फिरतात त्या 'सगळ्या भाषा संस्कृतमधून निघाल्या' वाल्या याद्या ह्यात फार गोंधळ घालतात. लॅटिन संस्कृतची मुलगी नाही, बहीण आहे.

तांबडा_पांढरा
बाई तुमी आमाला का न्हाई शिकवलं. आमच्या सरांनी रामः रामौ म्हणता म्हणता छडीच मोडली.

बाकी तालमीत आमी बी लॅटिन बोलतोय की. पाठीच्या पंखांना लॅट्स म्हणत्यात, लॅट मारायचं, बायसेप मारायचं.

शब्दरूपावली
बरोबर आहे बाळ. लातिस्सिमुस दोर्सी, 'पाठीचा सर्वांत रुंद'. दोर्सी ही षष्ठी. बायसेप्सच्या पुढचं ब्राखिई पण षष्ठीच, दंडाचा. छडी मोडली तरी विभक्ती कामाला आली बघ.

गेंद_फुलला
मला वाटतं आतापर्यंतच्या चर्चेत ज्यांना लॅटिन खरोखर लागतं ते लोक राहूनच गेले. बॉटनीवाले. मी शिवाजी युनिव्हर्सिटीतून एमएस्सी केलं, टॅक्सॉनॉमी म्हणजे वनस्पतींचं वर्गीकरण घेतलं होतं.

आमच्याकडं नियम असा होता की १ जानेवारी १९३५ पासून वनस्पतीची नवीन जात जाहीर करायची तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये लिहिलंच पाहिजे, नाहीतर ते नाव वैधच नाही. हा नियम २०११ संपेपर्यंत चालला, २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालतं. म्हणजे सह्याद्रीत फिरून नवीन फूल शोधून काढणारा आपला माणूससुद्धा शेवटी रात्री बसून चार ओळी लॅटिन लिहीत होता. आणि नियम गेला तरी जुनी वर्णनं कुठं जातात? एखादी जात नवी आहे म्हणायचं तर जुन्या जवळच्या जातींची मूळ वर्णनं वाचून फरक दाखवावा लागतो आणि त्यातली पुष्कळ लॅटिनमध्येच आहेत. केरळच्या झाडांवरचा 'होर्तुस मलाबारिकुस', बारा खंड, १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेला, आपल्याच घाटातल्या कितीतरी झाडांची त्यात माहिती, वैद्यांनी सांगितलेली, आणि सगळी लॅटिनमध्ये. के. एस. मणिलाल ह्यांनी त्याचं इंग्रजी केलं ते २००३ ला आलं. तीनशे वर्षं आपल्याच वैद्यांचं ज्ञान आपल्याला वाचता येत नव्हतं.

आणि आता अकरावीच्या पोरीला उपयोगी पडेल असं सांगतो. नाव दोन शब्दांचं असतं हे सगळे पाठ करतात, पण दुसरा शब्द बहुतेक वेळा विशेषण असतो आणि तो पहिल्याच्या लिंगाप्रमाणं बदलतो, आपल्याकडं चांगला चांगली चांगलं होतं तसा. चंदन सांतालुम आल्बुम, नपुंसकलिंगी. तुती मोरुस आल्बा, स्त्रीलिंगी. आता मोरुस तर 'उस' वर संपतं, पुल्लिंगी दिसतं, मग आल्बा कसं? कारण लॅटिनमध्ये झाडं बहुतेक स्त्रीलिंगी मानतात, शेवट काही का असेना. म्हणून पिंपळ फिकुस रेलिजिओसा, रेलिजिओसुस नव्हे. परीक्षेत पोरं दोन्ही शब्दांना सारखा शेवट लावून टाकतात आणि मार्क जातात.

माझं लाडकं उदाहरण घरचंच आहे. पठारांवर पावसाळ्यात पांढऱ्या टाचण्या टोचल्यासारखी फुलं येतात ना, गेंद, त्यातल्या एका जातीचं नाव एरिओकाउलोन कोल्हापुरेन्से. आणि पाचगणीच्या नावाची एक कंदीलपुष्पाची जात आहे, सेरोपेजिआ पंचगनिएन्सिस. एकीकडं एन्से, एकीकडं एन्सिस, का? एरिओकाउलोन नपुंसकलिंगी, सेरोपेजिआ स्त्रीलिंगी. कोल्हापूरचं नाव लॅटिन विभक्तीत चालवलेलं बघून मला तरी लई भारी वाटलं होतं, पहिल्यांदा लेबल वाचलं तेव्हा.

शिरोळपासून कागलपर्यंत उभा असतो त्या उसाचं नाव साक्खारुम ओफ्फिकिनारुम. पहिला शब्द ग्रीकांमार्फत फिरून आलेली आपलीच शर्करा, दुसरा षष्ठी अनेकवचन, औषधांच्या दुकानांचा. साखर तिकडं औषधवाल्याकडं मिळायची तेव्हाची ही आठवण.

शब्दरूपावली
ओफ्फिकिनारुम मधलं 'आरुम' म्हणालात म्हणून, हे आपल्या 'तासाम्' मधलं 'आसाम्'. परत तोच स चा र. बास करते आता :)

ब्रह्मपुरी_टेकडी
साखर ग्रीकांमार्फत गेली म्हणालात, तर रोमचा माल आपल्याकडंही आलेला आहे, टाऊन हॉल म्युझियममध्ये बघायला मिळतो. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन म्हणजे समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. तिथं १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी उत्खननही केलं, सातवाहन काळातल्या वस्तीच्या थरांसकट.

आता ह्याचा लॅटिनशी संबंध काय, तर हा व्यापार चालू होता तेव्हा त्या टोकाला बसून प्लिनी नावाचा माणूस लॅटिनमध्ये लिहीत होता की दरवर्षी भारत आपल्याकडनं पाच कोटी सेस्टर्स (रोमचं नाणं) ओढून नेतोय. मिऱ्याचे भावपण देऊन ठेवलेत त्यानं, काळी मिरी चार दिनार पौंडाला, पांढरी सात, आणि पिंपळी पंधरा. आणि वर चिडलाय की ह्या मिऱ्यात आहे काय, नुसता तिखटपणा, त्यासाठी एवढ्या लांबनं आणायची! आपल्याकडं त्या काळाचे नाण्यांवरचे, लेण्यांतले लेख आहेत, पण मिरीला भाव काय होता हे सांगणारा माणूस लॅटिनवालाच भेटतो. भारताचा इतिहास करायचा म्हणून लॅटिन शिकणारी माणसं आपल्याकडं वाढायला पाहिजेत असं माझं मत. फारसी आणि पोर्तुगीजला आपण मान देतो, हिला देत नाही.

तांबडा_पांढरा
नुसता तिखटपणा म्हणाला? त्येला कोल्हापुरात आणायला पायजे हुतं.

मंगळवारपेठकर
बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. काल रात्री पोरीला आख्खा धागा वाचायला दिला. अस्मि असि वालं बघून ती उड्याच मारायला लागली, एरिओकाउलोनवालं वहीत उतरवून घेतलं, आणि निरीक्षक सरांचं वाचून तोंड पाडून बसली. क्लास रद्द, हे तिनंच मान्य केलं. आता एवढंच सांगा की घरी कसं सुरू करायचं. अकरावी सुरू झाली की नीटचा क्लास डोक्यावर बसणार, तोवर जेवढं होईल तेवढं.

म्युनिकची_सूनबाई
ड्युओलिंगोवर लॅटिन आहे, फुकट, पण कोर्स फार छोटा आहे, हौस भागवायला ठीक. खरं शिकायचं तर जुनी सोपी वाचनमाला घ्या, इंटरनेट आर्काइव्हवर शंभर वर्षांपूर्वीची शालेय पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली ढिगानं आहेत, कॉपीराइट संपलेली. पहिला विभक्तिगण, दुसरा विभक्तिगण, वर्तमानकाळ एवढ्यावर सुट्टी काढा. रोज दहा वाक्यं, पेन्सिल घेऊन, क्रियापद आधी. शब्द अडला की विकिशनरीत टाका, आख्खी रूपं चालवून दाखवतं.

शब्दरूपावली
वहीच्या डाव्या पानावर संस्कृत रूप, उजव्या पानावर लॅटिन, असं करायला सांगा. आणि अडलं तर मला इथं मेसेज करू दे तिला, फी नाही.

गेंद_फुलला
आणि कॅम्पसवर या एकदा, लीड बोटॅनिकल गार्डन आहे. पाटी वाचायची, लिंग सांगायचं, नाही आलं तर बापानं चहा पाजायचा.

वकीलताई
एक शंका राहिलीच. शब्दरूपावली बाई, आम्ही सर्शिओरारी म्हणतो, तुम्ही सगळं क न् ख करून लिहिताय. तुमच्या हिशेबानं ते काय व्हायला पाहिजे?

शब्दरूपावली
सिसेरोच्या म्हणजे जुन्या रोमच्या काळचं म्हणाल तर केर्तिओरारी. तेव्हा सी चा उच्चार कायम क च होता. चर्चमध्ये इटालियन वळणानं च म्हणतात, आणि तुमचा स आहे इंग्लंडच्या वकिलांचा. सीझर पण तेव्हाचा काइसर. व्ही मात्र आपल्या मराठी व सारखा, ओठ न चावता, तो मुलीला आपोआप येईल.

वकीलताई
कोर्टात केर्तिओरारी म्हटलं तर जज साहेब मलाच बाहेर काढतील. आम्ही सर्शिओरारीच म्हणणार.

निरीक्षक
मी पण वकीलताईंच्या बाजूला. ज्या देशातनं घटनेत आलं त्या देशाचा उच्चार.

ब्रह्मपुरी_टेकडी
अजिबात नाही. मूळ उच्चार तो मूळ उच्चार. उद्या सातवाहनांना पण इंग्रजी वळणानं म्हणणार का?

तांबडा_पांढरा
घ्या, झाली सुरवात. पोरगीच्या फीवरनं आता सीच्या उच्चारावर आली गाडी. आमी सरळ शेरशाहरी म्हणणार बघा.